कारण: जोर कमी

विलास डुबल पुन्हा बोलू लागले, ही बातमी कराडच्या एसटी स्टँडवर एका दुपारीत पसरली. ते बायकोशी मात्र बोलत नाहीत, ही बातमी पसरायला आठवडा लागला.

डुबल त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'पाटण, कोयनानगर मार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे' हे वाक्य कराडातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याच आवाजात ऐकलं होतं. निवृत्तीनंतरही भाजी मंडईत ते बोलायला लागले की अनोळखी माणसं वळून बघत. २०४१च्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले. तोंड सावरलं नाही. भाषा शाबूत होती, समज शाबूत होती. जिभेला आणि ओठांना मेंदूकडून जाणारे हुकूम तेवढे वाटेत अडकत होते.

अशा माणसांसाठी तोपर्यंत यंत्र आलं होतं. मेंदूच्या ज्या भागातून बोलण्याचे हुकूम सुटतात, त्यावर कवटीखाली नखाएवढी एक जाळी बसवतात. जाळी हुकूम टिपते आणि गळ्यात अडकवलेली आवाजपेटी ते उच्चारते. आवाजही त्या माणसाचाच असतो. जुनं ध्वनिमुद्रण मिळालं की पेटी त्यावरून तो घडवते. डुबलांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण शोधत बसावं लागलं नाही. स्टँडवरच्या घोषणा एका जुन्या कंडक्टरने हौसेनं जपून ठेवल्या होत्या.

अडचण अशी की जाळी एका देशातली कंपनी बनवते आणि पेटी दुसऱ्या देशातली. जाळी नुसते आकडे पाठवते: मेंदूत कुठे किती हालचाल झाली त्याचे. पेटीला अक्षरं लागतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं. त्याला कनेक्टर म्हणतात. मराठीसाठीचा कनेक्टर पुण्यातली एक छोटी कंपनी लिहीत होती, आणि डुबलांच्या यंत्राची जबाबदारी तिथल्या शर्वरी बोरगेकडे होती. शर्वरी तिशीची, कामाला चोख, आणि रुग्णांना भेटायला जायची वेळ आली की जरा अवघडणारी.

कनेक्टरला पडदा नसतो, बटण नसतं. तो आत काय करतोय हे कळायला एकच मार्ग असतो: त्याने स्वतः सांगणं. म्हणून लिहिणारे त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी छोटी वाक्यं पेरून ठेवतात. कनेक्टर त्या जागी पोहोचला की ते वाक्य बाहेर पडतं. 'आकडे तुटक आले.' 'शब्द ओळखता आला नाही.' 'शब्द पोहोचवला.' या वाक्यांना सगळीकडे ट्रेस म्हणतात. शर्वरीच्या कंपनीत 'माग' म्हणायची पद्धत होती. काही बिघडलं की माग वाचायचा, तो जिथे तुटतो तिथे शोधायचं.

डुबलांचा माग तुटत नव्हता. तो कधी कधी सुरूच होत नव्हता. त्यांच्या पत्नी मालनताई खोलीत आल्या की माग कोरा.

*

शर्वरी सोमवारी सकाळी कराडजवळ मलकापुरात त्यांच्या घरी पोहोचली, तेव्हा विलासरावांजवळ ताटे बसले होते. ताटे म्हणजे त्यांच्या वेळचे चिपळूण गाडीचे ड्रायव्हर.

"काय नाना, आज कुठली गाडी लावलीय?" ताटेंनी विचारलं.

"ढेबेवाडी," गळ्यातली पेटी खणखणीत बोलली. "वेळेवर आहे. तुझ्यासारखी नाही."

"बघा! रिटायर होऊन जमाना झाला, अजून मेमो देतोय हा माणूस." ताटे मांडीवर थाप मारून हसले.

मालनताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. विलासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांची कड किंचित हलली. पेटीतून काही आलं नाही.

मालनताईंनी कप ठेवले, ताटेंना खारी दिली आणि शर्वरीकडे वळल्या.

"बघितलंत? ताटे भावजींशी तास झाला चाललंय. दूधवाल्याशी बोलतात, फोनवर पोराशी बोलतात. मी आले की पडदा पडला."

"काकू, कधी कधी असं होतं की—"

"काय होतं ते तुमच्याच कागदात आहे ओ. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. 'पत्नीसमोर रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करत नाही.' एवढी वर्षं संसार केला, पण इतकं स्पष्ट कुणी लिहून दिलं नव्हतं."

ताटेंनी खारी चहात बुडवली आणि ती तिथेच विरघळू दिली.

ते वाक्य शर्वरीचं होतं. तिच्यासमोर कोरा माग आला होता. कोरा माग म्हणजे जाळीकडून काहीच निघालं नाही, म्हणजे माणसाने बोलायचं मनातच आणलं नाही, असा तिने सरळ अर्थ काढला होता. अहवालात ते एका ओळीत मावलं होतं.

"घरात हे पहिल्यापासूनच कमी बोलायचे," मालनताई म्हणाल्या. "सगळा आवाज स्टँडवर संपवून यायचे. घरी हं आणि हूं. मी म्हटलं, चालायचंच. हं तर हं. आता तेही नाही." त्या उभ्याच होत्या. "शुक्रवारी पुण्याला तपासणी आहे ना? तिथं मला विचारणार, यंत्र ठेवायचं का म्हणून."

"हो. यंत्र अजून चाचणीवर आहे, त्यामुळे घरी जे सांभाळतात त्यांची संमती लागते."

"मी नाही म्हणणार आहे."

विलासरावांची मान वर झाली.

"नाहीतर काय? रोज डबी चार्ज करायची मी, पट्टा धुवायचा मी, रात्री डोक्याला मलम मी लावायचं, आणि हे बोलणार गावाशी. त्यापेक्षा गप्प होते तेव्हा बरं होतं. निदान सगळ्यांशीच गप्प होते."

त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. नाही म्हटलं तर काय होणार, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. पेटी परत जाणार, जाळी निजवून ठेवणार, आणि विलासराव पुन्हा पाटी-खडूवर येणार.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तशी पेटी बोलली. "मी बोलतो."

"कुणाशी, काका?"

"तिच्याशी. रोज बोलतो." फलाटावरची गाडी जाहीर करावी तसा तो स्वच्छ, मोठा आवाज होता. "डबी शब्द खाते."

"तुम्ही काकूंना हे सांगितलंत?"

"पोराकडून सांगितलं. ती म्हणते, मग माझ्यासमोर बोलून दाखवा म्हणावं."

*

"काका खोटं कशाला बोलतील?" ऑफिसात परतल्यावर शर्वरी म्हणाली.

समीना मुल्ला त्या कंपनीत सगळ्यांत जुनी. शर्वरीला कामाला लावून शिकवलं ते तिनेच, आणि गेली सहा वर्षं दोघींची टेबलं शेजारी होती. पन्नाशीला आली तरी सगळे तिला ताईच म्हणत.

"खोटं नसेल," समीनाताई म्हणाली. "मग शब्द जातात कुठे? आकडे तुटले असते तर माग आला असता. ओळखता आले नसते तरी आला असता."

"पोहोचवले असते तरी आला असता."

"मग मध्ये काय उरलं?"

मध्ये उंबरठा उरला होता.

उंबरठा हा कनेक्टरचा सगळ्यांत नाजूक भाग. माणूस मोठ्याने बोलतो तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग मनातल्या मनात बोलतानाही थोडासा जागा होतो. जाळीला दोन्ही दिसतं. सुरुवातीच्या चाचण्यांत याचे जे व्हायचे ते परिणाम झाले. एका गृहस्थांच्या पेटीने व्याह्यांसमोर पंगतीतच जेवणाबद्दलचं खरं मत जाहीर केलं होतं. तेव्हापासून प्रत्येक शब्दामागचा जोर मोजायचा, असं ठरलं. ठरावीक रेषेच्या वर जोर असेल तर माणसाला बोलायचंय असं धरायचं आणि शब्द पुढे द्यायचा. खाली असेल तर ते त्याच्या मनातलं. तो शब्द तिथल्या तिथे पुसून टाकायचा.

आणि उंबरठ्यावर माग ठेवायचा नाही, हाही नियम तेव्हाच झाला. तो समीनाताईनेच केला होता. इतर कंपन्या अशा जागी चाळीस गोष्टी नोंदवत. समीनाताईचं म्हणणं होतं की दुसऱ्याच्या मनात काहीतरी आलं आणि गेलं, एवढी नोंदसुद्धा आपल्याकडे असू नये. कंपनीत सगळ्यांना ते पटलं होतं. नव्या येणाऱ्यांना तो नियम अभिमानानं सांगितला जाई.

"आपण सभ्यपणा केला," समीनाताई हळूहळू म्हणाली, "आणि नेमकं तिथेच आंधळे झालो. जिथे बिघडतं तिथे माग ठेवला. जिथे सगळं ठरल्याप्रमाणे चालतं तिथे ठेवला नाही. उंबरठा चोख काम करतोय, म्हणून तो गप्प."

"मग आता लिहू?"

"लिही. बघू कसा लिहितेस."

शर्वरीने लिहिलं: उंबरठा नापास ०.३१.

"हे कोण वाचणार?"

"मी."

"तू सुट्टीवर असशील. नाहीतर नोकरी सोडून गेलेली असशील. जो कुणी वाचेल त्याला सकाळी सकाळी कोडी घालू नकोस. काय आलं, कुठे थांबलं, कशामुळे थांबलं. आणि नापास-बिपास काही नाही. माणूस नापास झालेला नाही."

"शब्दपण लिहू का? फक्त दोन दिवस. शब्द दिसला तर एका मिनिटात कळेल की ते खरंच तिच्याशी बोलत होते की मनात काहीतरी चाललं होतं."

"नाही."

"काकाच परवानगी देतील, ताई."

"ते देतील गं. पण शब्द लिहिणारा माग एकदा सुरू झाला की बंद करायला कुणाला वेळ मिळत नाही. मग एक दिवस तो भलत्याच माणसासमोर उघडतो. शब्द नकोच. त्याशिवाय शोध."

शर्वरीने पहिलं खोडून पुन्हा लिहिलं:

शब्द ओळखला. उंबरठ्यावर थांबवला. कारण: जोर कमी. पुढे फक्त दोन आकडे, किती हवा होता आणि किती होता. शब्दाची जागा कोरी.

समीनाताईने वाचलं. "हं. हे बरंय," ती म्हणाली, आणि विलासरावांना फोन करायला सांगितलं. शर्वरीने त्यांना नवा माग कशाचा आहे ते समजावलं: काय बोललात ते कळणार नाही, अडलं का एवढंच कळेल.

"लावा," पेटी फोनवरून गरजली. शर्वरीने फोन कानापासून लांब धरला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माग उघडला, तेव्हा मलकापुरात चहाची वेळ होती.

शब्द ओळखला. उंबरठ्यावर थांबवला. कारण: जोर कमी.

शब्द ओळखला. उंबरठ्यावर थांबवला. कारण: जोर कमी.

ओळी पडद्यावरून वर सरकत राहिल्या. मध्ये थोडी उसंत, बहुधा मालनताई आत गेल्या असाव्यात, मग पुन्हा. एकाखाली एक, तेच वाक्य. शर्वरीने असे हजारो माग आजवर वाचले होते, पण हा वाचताना तिला खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं. अहवालातली आपली ओळ तिला आठवली. प्रयत्न करत नाही.

शब्द येत होते हे आता सिद्ध झालं. मात्र त्यांचा जोर सगळीकडे सारखाच, हव्या त्याच्या निम्म्यावर. ताटेंशी बोलताना मात्र तो रेषा सहज ओलांडत होता. म्हणजे मालनताईंसमोर ते फक्त मनात बोलत होते का? तसं असेल तर उंबरठ्याचं बरोबर होतं, आणि शर्वरीची ओळही जवळजवळ बरोबरच होती. ती दुपारपर्यंत त्या आकड्यांकडे बघत बसली.

"अगं ते…" शेजारून समीनाताई पुटपुटली.

शर्वरीने पडद्यावरची नजर न काढता ड्रॉवर उघडला, चार्जर काढला आणि तिच्या हातात दिला.

"हां," समीनाताई म्हणाली.

मग शर्वरी वळली. "तू आत्ता काय म्हणालीस?"

"चार्जर दे म्हणाले."

"नाही. तू 'अगं ते' म्हणालीस. तेही धड नाही. तोंड उघडलंस का, याचीपण मला खात्री नाही."

"मग? तुला कळलं की."

"दहा वाजताच्या मीटिंगमध्ये तू अशी बोलत नाहीस."

"मीटिंगमध्ये मी तुझ्याशी बोलते होय? तिथे मी लोकांशी बोलते," समीनाताई म्हणाली, आणि वायर हातात तशीच ठेवून थांबली. "या अल्ला."

उंबरठ्याची रेषा ठरवताना त्यांनी शेकडो लोकांचं बोलणं मोजलं होतं. ते सगळे प्रयोगशाळेत, अनोळखी माणसासमोर, नीट बसून बोलले होते. घरातल्या माणसाशी, तेही वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या माणसाशी, कुणी तसं बोलत नाही. तिथे अर्ध्या शब्दावर भागतं. जीभ जेमतेम हलते, कारण समोरच्याला उरलेलं माहीत असतं. मेंदूला अशा बोलण्यासाठी जोर लावावाच लागत नाही. जाळीच्या आकड्यांत ते बोलणं आणि मनातलं बोलणं जुळ्या भावंडांसारखं दिसतं.

"म्हणजे ज्याच्याशी माणूस सगळ्यांत मोकळा," शर्वरी म्हणाली, "त्याच्याशीच आपण त्याला बोलू देत नाही."

समीनाताईने चार्जर लावला. "उद्या-परवा कराडला जाऊन ये. अहवालात दुरुस्ती आजच पाठव. पण काकूंना ते कागदावर कळता कामा नये. तोंडाने सांग."

*

गुरुवारी दुपारी मालनताई पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या. विलासराव शेजारच्या खुर्चीत. शर्वरीने सगळं सांगितलं. उंबरठा सांगितला, जोर सांगितला, आणि अहवालातली ओळ चुकीची होती, ती आपण लिहिली होती, हेही सांगितलं. मग लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

मालनताईंनी एक ओळ वाचली. दुसरी वाचली. मग बोटाने पान खाली सरकवत राहिल्या.

"हे सगळं मी असताना?"

"हो."

"मला म्हणून?"

"तुम्हालाच."

त्यांनी विलासरावांकडे पाहिलं. विलासरावांनी 'सांगत नव्हतो का' अशा अर्थाने भुवया उडवल्या.

"मग काय म्हणत होते? दाखवा की ते."

"ते नाहीये, काकू. शब्द आम्ही ठेवत नाही."

"ठेवत नाही म्हणजे? मला म्हणून बोलले, मला पोहोचले नाहीत, आणि तुम्ही पुसून टाकले?" मालनताईंचा आवाज चढला. "पोस्टमनने असं केलं तर नोकरी जाते त्याची! माझे शब्द होते ओ ते."

"गेले ते गेले. पुढचे पोहोचवता येतील," शर्वरी म्हणाली. "काका, एक करून बघा. काकूंशी बोलताना स्टँडवर बोलता तसं बोला. जोर लावून."

विलासराव ताठ बसले. छाती भरून श्वास घेतला.

"मालन!" पेटी कडाडली. बाहेर तारेवरची चिमणी उडाली. "भाजी! निवडून झाली का!"

"मी काय ढेबेवाडी गाडी आहे का?" मालनताई दचकून म्हणाल्या, आणि मग हसूच आलं त्यांना.

विलासरावांना हसू आलं नाही. ते शर्वरीकडे वळले. "असं नाही जमत हिच्याशी," ते म्हणाले. "हे बोलणं नाही. ही घोषणा आहे."

दुसरा मार्ग शर्वरीने तयार ठेवला होता, पण तो सांगायला तिला धीर गोळा करावा लागला. मालनताई जवळ असताना उंबरठा खाली घ्यायचा. निम्म्या जोराचे शब्दही पुढे जातील. पण जुळ्या भावंडांतलं एक आत घ्यायचं म्हटलं की दुसरंही घुसणार. मनातलं, बोलायचं नसलेलं, अधूनमधून बाहेर पडेल. कधी, किती, हे कुणी सांगू शकणार नाही. पेटीवर बोट ठेवलं की उंबरठा पुन्हा वर जाईल, पण बोट ठेवायच्या आत जे निसटेल ते निसटेल.

"तुम्ही ठरवायचंय, काका. नको म्हणालात तरी चालेल. तुमच्या मनातलं आहे."

विलासराव बराच वेळ पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. एसटीत असताना त्यांनी कित्येक साहेबांबद्दल मनात काय काय म्हटलं असेल आणि माइकवर फक्त गाड्यांची नावं घेतली असतील. तोंडावर ताबा ही त्यांच्या नोकरीची शिस्तच होती.

"तिला विचारा," शेवटी पेटी म्हणाली. "ऐकायचं तिला आहे."

मेथीची जुडी मालनताईंच्या हातात तशीच राहिली. "मनातलं म्हणजे… माझ्याबद्दलचंपण?"

"असू शकतं."

"इतक्या वर्षांचं?"

"नाही नाही. त्या वेळी जे मनात येईल तेवढंच."

"तेच की. माणसाच्या मनात काय आजचंच येतं होय?" त्यांनी जुडी खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, बाजारात कलिंगड पाहावं तसं. "माझ्याही मनात काय कमी आहे? ते ह्यांना कुठं ऐकू येतंय." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "घ्या खाली. बघू तरी काय साठवलंय."

शर्वरीने उंबरठा खाली घेतला. त्यासोबत तिने आणखी एक बदल केला होता, आदल्या दिवशी बसून. पेटीला आवाज लहानमोठा करता येत असे, पण कनेक्टर तिला जोराचा आकडा कधी देतच नसे. उंबरठ्यावर मोजला की काम झालं, म्हणून टाकून दिला जाई. आता तो पुढे जाणार होता. कमी जोराचा शब्द हळू आवाजात.

तिघंही थांबले.

"…पंखा," पेटी पुटपुटली.

तो स्टँडवरचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, अर्धा गिळलेला. कराडातल्या कुणीही तो ओळखला नसता. मालनताई उठल्या, पंखा एकवर केला आणि बटणापाशी पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"हा घरचा आवाज," त्या म्हणाल्या. "हा तुम्हाला कुठं मिळाला?"

"मिळाला नाही. तो येतच होता," शर्वरी म्हणाली.

"…बस की," पेटी म्हणाली. मालनताई येऊन बसल्या. विलासरावांनी एक मेथीची काडी उचलली, पानं खुडून ताटात टाकली, देठ बाजूला. दोघांचे हात ताटावर चालू लागले. शर्वरी हातात लॅपटॉप धरून बघत राहिली. पडद्यावर ओळ येत होती: शब्द पोहोचवला. शब्द पोहोचवला.

"…ही पोरगी," पेटी अगदी हळू म्हणाली, "जाईल कधी."

विलासरावांचा हात झटकन पेटीवर गेला. कानाची पाळी लाल झाली. मालनताईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे थांबेनात.

"जाते, काका," शर्वरी म्हणाली. तिने पिशवी उचलली. "चारची गाडी मिळेल ना?"

"फलाट क्रमांक दोन!" विलासराव घाईघाईने, भरपूर जोर लावून गरजले. "सुखरूप जा!"

*

शुक्रवारी पुण्याच्या रुग्णालयात तपासणी पंधरा मिनिटांत उरकली. डॉ. नाईकनवरेंनी दुरुस्त केलेला अहवाल पाहिला आणि मालनताईंना विचारलं, "तुमची संमती आहे ना?"

"आहे."

"आता बोलतात तुमच्याशी?"

"बोलतात की."

"छान. नोंदीसाठी एखादं उदाहरण द्याल? म्हणजे साधारण काय बोलतात?"

मालनताईंनी पर्स मांडीवर सरळ केली. "ते तुम्हाला कशाला?"

डॉक्टरांनी शर्वरीकडे पाहिलं. "तुमच्या मागात असेल ना?"

"मागात शब्द नसतात, मॅडम."

"बरोबर आहे," मालनताई म्हणाल्या. "घरातलं असतं ते. असं लिहून ठेवू नये." आदल्याच दिवशी त्याच शब्दांवरून त्या शर्वरीशी भांडल्या होत्या. शर्वरीने त्यांना तशी आठवण करून दिली नाही.

डॉक्टरांनी हसून 'बोलतात' एवढं लिहिलं आणि खाली सही केली.

शर्वरी वायर गोळा करायला मागे थांबली. काचेच्या दारापलीकडे विलासराव आणि मालनताई लिफ्टची वाट बघत उभे होते. भोवती बरीच माणसं होती. लॅपटॉप अजून उघडाच होता आणि त्यावर एक ओळ उमटली: शब्द पोहोचवला. मग आणखी एक. मग लागोपाठ चार-पाच. काचेतून तिला काही ऐकू आलं नाही. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या इतरांनाही आलं नसावं, कुणी वळून पाहिलं नाही.

मालनताईंनी मात्र वळून पाहिलं. नवऱ्याच्या दंडाला चापट मारली, आणि त्यांचा आवाज काचेतूनही स्पष्ट आला.

"गप बसा ओ जरा. लोकं आहेत."